‘४ ते ६ कोंबड्यांसाठी’: तयार खुराड्यांच्या आवाराचं परीक्षण

परसात चार-सहा कोंबड्या पाळायचं ठरलं की बहुतेकांची नजर आधी तयार खुराड्यावर जाते. लाकडी, सुटे भाग जोडून उभा करायचा, एका टोकाला पायांवर उचललेलं घर, पुढे जाळीचं आवार, बाजूला अंड्यांची पेटी. दिसायला देखणा, दोन तासांत उभा राहणारा, आणि खोक्यावर छापलेलं ‘४ ते ६ कोंबड्यांसाठी’. या परीक्षणात तो खुराडा आहेच, शिवाय पाइपचं उंच आवार, सरकतं आवार आणि विजेची जाळी हेही पर्याय आहेत. कसोटी एकच: कोंबडीला दिवसभर वावरायला प्रत्यक्ष जमीन किती मिळते. घरात झोपायला जागा कमी पडली तर ते रात्री लगेच दिसतं. आवार कमी पडलं तर ते कळायला दोन-तीन महिने जातात, आणि तोवर जमीन, पिसं आणि कोंबड्यांचे स्वभाव तिन्ही बिघडलेले असतात.

लाकडी खुराड्याचं बाहेरचं माप साधारण साडेसहा फूट बाय अडीच फूट, म्हणजे सव्वासोळा चौरस फूट. ही सगळी जागा आवार म्हणून सांगितली जाते. त्यातले अडीच बाय अडीच फूट घराच्या खाली जातात आणि तिथे जमिनीपासून घराच्या तळापर्यंत उंची चौदा-पंधरा इंचच असते. भारी जातीची कोंबडी मान ताठ करून उभी राहिली की सोळा-अठरा इंच भरते. ती तिथे वाकून शिरते, दुपारी सावलीला बसते, पण चालत-फिरत नाही. उरले दहा चौरस फूट. उतरायची फळी आणि दाण्या-पाण्याची भांडी वजा न करताही सहा कोंबड्यांना प्रत्येकी पावणेदोन चौरस फूट येत नाहीत. युरोपीय संघाने २०१२ पासून जुने बॅटरी पिंजरे बंद केले. त्यांच्या जागी चालू ठेवलेल्या सुधारित पिंजऱ्यांत कोंबडीमागे किमान ७५० चौरस सेंटिमीटर जागा लागते, म्हणजे पाऊण चौरस फुटापेक्षा थोडी जास्त. परसातलं हे ‘सहा कोंबड्यांचं’ आवार त्या पिंजऱ्याच्या दुपटीच्या आसपास येतं. त्याच नियमांत मुक्तसंचार म्हणून अंडी विकायची असतील तर कोंबडीमागे बाहेर ४ चौरस मीटर, म्हणजे ४३ चौरस फूट जमीन लागते. घरच्या आवाराचा योग्य आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो.

तो नेमका कुठे, हे कोंबड्या दिवसाचे किती तास जाळीत कोंडलेल्या राहणार यावर ठरतं. रोज तीन-चार तास बागेत मोकळ्या सुटत असतील तर मध्यम आकाराच्या कोंबडीला १० चौरस फूट पुरतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जाळीतच राहणार असतील तर १५ धरा. बँटम किंवा सिल्कीसारख्या छोट्या जातींना याच्या साधारण निम्मं चालतं. ब्रह्मासारख्या थोराड जातींना चार-पाच चौरस फूट वाढवून द्यावे लागतात. लेगहॉर्न वजनाने हलकी असली तरी तिचं माप कमी करू नका. ती सतत चालती असते आणि कमी जागेत सगळ्यात आधी तीच बिथरते.

या गुणाकारात एक गोष्ट हमखास सुटते. आवारातली काही जागा कोंबड्यांच्या संख्येवर अवलंबून नसते. धुळीत लोळायला दोन बाय दोन फुटांचा खड्डा दोन कोंबड्यांनाही लागतो आणि सहांनाही. दाण्याचं भांडं, पाण्याचं भांडं आणि त्यांच्याभोवती उभं राहायची जागा हेही तसंच. म्हणून आधी १० चौरस फूट या सामानासाठी बाजूला काढा आणि मग कोंबड्यांचा हिशेब करा. सहा कोंबड्या, रोज काही तास मोकळ्या: १० अधिक ६०, म्हणजे ७० चौरस फूट. सहा कोंबड्या, दिवसभर बंद: १० अधिक ९०, म्हणजे १००. दोनच कोंबड्या असल्या तरी एका जागी राहणारं आवार ४०च्या खाली जाऊ नये, कारण त्याहून लहान जागेत एकीला दुसरीपासून लांब पळायला वावच राहत नाही. या हिशेबाने वरचा लाकडी खुराडा दिवसभर मोकळ्या असलेल्या आणि फक्त रात्री आत येणाऱ्या दोन-तीन कोंबड्यांचं घर म्हणून ठीक आहे. त्याच्या आवाराला आवार म्हणवत नाही.

जागेचं गणित मुळात विष्ठेचं गणित आहे. मोठी कोंबडी दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम ओली विष्ठा टाकते आणि तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. त्यातली बरीचशी रात्री दांडीखाली पडते. सहा कोंबड्यांची दिवसा आवारात पडणारी म्हणून रोज ४०० ग्रॅम धरली तरी महिन्याला १२ किलो झाली. दहा चौरस फुटांच्या आवारात ती प्रत्येक चौरस फुटावर सव्वा किलोच्या आसपास साठते, शंभर चौरस फुटांत सव्वाशे ग्रॅमच्या आत. सव्वाशे ग्रॅम कोंबड्या स्वतःच उकरून मातीत मिसळतात, ऊन ती वाळवतं, किडे-जिवाणू पचवतात. सव्वा किलो पचत नाही. पाऊस पडला की तिचा चिखल होतो आणि अमोनियाचा वास सुटतो. रक्ती हगवणीच्या जंतूंना नेमकी अशीच जागा हवी असते. विष्ठेतून बाहेर पडलेले त्यांचे अंड्यासारखे सूक्ष्म कोश ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत संसर्ग करायला तयार होतात. वाढत्या वयाच्या पिल्लांना त्याचा सगळ्यात जास्त धोका. पोटातल्या गोल जंतांची अंडी तर मातीत महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून लहान आवारात जंताचं औषध देऊनही कोंबड्या पुन्हा पुन्हा जंतांनी भरतात. अशा वेळी औषधाच्या नावाने बोटं मोडली जातात, पण दोष जमिनीचा असतो.

जागा मोजताना ती वर्षातल्या वाईट दिवशी मोजावी. संततधार पावसात कोंबड्या छपराखालीच उभ्या राहतात, तेव्हा उघडी जाळी हिशेबातून बाद. भर दुपारी उन्हातला भाग बाद. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकत अंग गार ठेवते. पारा तिशीच्या वर गेला की सावली ही तिची गरजच असते. त्यामुळे कोंबडीमागे निदान चार-पाच चौरस फूट पक्क्या छपराखाली आणि दुपारी निम्मं आवार सावलीत, असं जमलं तरच एकूण आकड्याला अर्थ आहे.

आता पाइपचं उंच आवार. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप, वर त्रिकोणी माथा, दहा बाय दहा फूट, मधोमध साडेसहा फूट उंची, दार माणूस उभा आत जाईल एवढं. घरच्या सहा कोंबड्यांसाठी या चारांत हाच पर्याय घ्यावा. शंभर चौरस फूट खरोखरच शंभर मिळतात, आत उभं राहून झाडता येतं, आणि झाडता येतं म्हणून झाडलंही जातं. बुटक्या आवारात रांगत जावं लागतं, त्यामुळे कोपरे तसेच राहतात. हे आवार दहा-बारा कोंबड्यांसाठी म्हणून विकलं जातं. दिवसभर बंद ठेवणार असाल तर सहाच धरा.

सांगाडा उत्तम, पण त्यावर जे लावून मिळतं ते मात्र बदलावं लागतं. सोबत येते ती पातळ तारेची षटकोनी जाळी. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं पंजा अडकवून ओढतं आणि पीळ दिलेली तार एका जागी सुटली की पुढे उसवत जाते. खालच्या दोन फुटांत अर्धा इंच बाय अर्धा इंच, १९ गेज जाडीच्या तारेची वेल्डमेश (तारांचे सांधे पक्के जोडलेली) जाळी आतून लावा. मुंगूस आणि घूस तिच्यातून येत नाहीत आणि मांजराला पंजा आत घालून कोंबडीचा पाय धरता येत नाही. वरच्या भागात एक इंचाची वेल्डमेश चालते. उकरून आत येणाऱ्या जनावरासाठी जाळी खोल पुरायची गरज नाही: त्याच वेल्डमेशचा दीड-दोन फूट रुंद पट्टा आवाराच्या बाहेरच्या बाजूने जमिनीवर सपाट अंथरा, भिंतीच्या जाळीला तारेने शिवा, खुंट्या ठोका आणि वर माती किंवा दगड टाका. जनावर भिंतीला लागूनच उकरायला घेतं आणि पायाखाली जाळी लागली की सोडून देतं. मागे सरकून दोन फुटांवरून उकरायचं त्याला सुचत नाही.

दार नीट बघा. दाराच्या खालच्या पाइपमध्ये आणि जमिनीत दोन-तीन इंचांची फट राहते. जागा सपाट असेल तेव्हा ती दिसतही नाही; कोंबड्या उंबऱ्याशी उकरतात आणि महिनाभरात तिथे हाताची मूठ जाईल एवढं भोक पडतं. दाराखाली लांबट फरशी किंवा जाड फळी जमिनीच्या पातळीला बसवली की काम झालं. साधी सरकती कडी पुरत नाही. कडीच्या भोकात फासाची आकडी अडकवा. आणि विकत घेण्याआधी दाराची रुंदी विचारा. बऱ्याच आवारांना दोन फुटांचं दार असतं आणि भुशाने भरलेली हातगाडी त्यातून जात नाही.

जोडणीत सगळ्यात कच्चा भाग म्हणजे जाळी पाइपला बांधायचे प्लास्टिकचे बंद. उन्हाने ते एक-दोन वर्षांत ठिसूळ होतात आणि सगळे एकदमच तुटायला लागतात. सुरुवातीलाच १६ किंवा १८ गेजच्या जस्ती तारेने सहा-सहा इंचांवर बांधून घ्या. वर ताडपत्री टाकायची असेल तर ती जाळीवर नुसती पसरू नका. पाणी मधे साचून पोट धरतं आणि त्या वजनाने पाइप वाकतात. माथ्यापासून दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या किंवा ताणलेल्या तारा द्या आणि ताडपत्री त्यांच्यावर घट्ट ओढा. चारही कोपऱ्यांना दोन फुटी सळया तिरक्या ठोकून पाइप बांधायलाच हवेत, कारण ताडपत्री घातलेलं आवार वाऱ्याला उचललं जातं.

तळाला काय टाकायचं यावर जागेचा अर्धा उपयोग अवलंबून आहे. कोंबडीमागे १५ चौरस फूट असले तरी गवत टिकत नाही, काही आठवड्यांत जमीन उघडी पडते; हिरवळीच्या आशेवर राहू नका. पाच फुटांना एक इंच असा उतार काढा, मग जाडसर वाळूचा चार इंचांचा थर किंवा लाकडाच्या ढलप्यांचा आठ इंचांचा थर द्या. दहा बाय दहाच्या आवाराला वाळू सुमारे ३३ घनफूट लागते, ढलप्या त्याच्या दुप्पट. गिलाव्याची बारीक वाळू नको, ती ओली झाली की दगडासारखी बसते. पेंढाही नको, त्यात ओल धरून बुरशी येते. ढलप्या कोंबड्यांना जास्त आवडतात, कारण खाली किडे होतात आणि दिवसभर उकरायला काम मिळतं. आठवड्यातून एकदा दाताळ्याने वरखाली कराव्यात आणि वर्षाला खालचा कुजलेला भाग काढून झाडांना घालावा.

आकाराबद्दल दोन शब्द. शंभर चौरस फूट दहा बाय दहा करा किंवा पाच बाय वीस, क्षेत्रफळ तेच. लांबट आवाराला घेर ५० फूट म्हणजे जाळी पाव पट जास्त लागते, पण सरळ धावायला वीस फूट मिळतात. चार फुटांपेक्षा अरुंद मात्र करू नका. दाण्याच्या भांड्याशी काय होतं ते पाच मिनिटं उभं राहून बघितलं की कारण कळतं. वरचढ कोंबडी भांड्याला आडवी उभी राहते आणि मान जराशी ताणते. खालच्या नंबरची कोंबडी चोच मारायच्या आधीच दोन पावलं मागे सरते, वळसा घालून दुसऱ्या बाजूने यायला बघते. वळसा घालायला जागा असेल तर भांडण तिथेच मिटतं. नसेल तर ती कोपऱ्यात सापडते, डोक्यावर टोच बसते, रक्त दिसतं आणि मग बाकीच्याही तिच्यावर तुटून पडतात. कोंबडीला लाल डाग दिसला की ती टोचतेच. म्हणून दुसरं भांडं पाच-सहा फुटांवर, पहिल्या भांड्यापासून दिसणार नाही असं आडोशाला ठेवा. एखादी उभी फळी, ओंडका, झुडपाची फांदी एवढा आडोसाही पुरतो. दीड फुटावर एखादी आडवी दांडी दिली तर दुबळ्या कोंबडीला वर चढून बसता येतं. पण तिथली जागा चौरस फुटांत धरायची नाही. काही दुमजली खुराड्यांत वरचा मजला आणि उतरती फळी दोन्ही आवारात मोजलेले असतात. तो आकडा सोडून द्या आणि स्वतः टेप लावा.

सरकतं आवार, म्हणजे तळ नसलेला हलका पिंजरा, आठ बाय चार फुटांचा. बत्तीस चौरस फुटांत तीन कोंबड्या बसतात, तेही रोज एका नव्या जागेवर ओढलं तरच. माणसं इथेच चुकतात: पहिला महिना रोज सरकवतात, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने, आणि पिंजऱ्याच्या आकाराचे उघडे चट्टे हिरवळीवर उमटतात. एका जागी परत यायला निदान चार आठवडे जायला हवेत. अठ्ठावीस दिवस गुणिले बत्तीस, म्हणजे नऊशे चौरस फूट सपाट गवत हवं. तेवढं असेल तर कोंबड्यांची तब्येत यात सगळ्यात चांगली राहते. जमीन खडबडीत असेल तर खालून फट पडते, आणि ओढताना मागच्या पट्टीखाली कोंबडीचा पाय सापडतो. हळू ओढा, पुढच्या बाजूला दाणे टाकून सगळ्यांना पुढे बोलवून घ्या.

विजेची जाळी कमीत कमी कष्टांत जास्तीत जास्त जमीन देते. ५० मीटरच्या गुंडाळीचा चौकोन केला की बाजू साडेबारा मीटर, क्षेत्रफळ १५६ चौरस मीटर. कोंबडीमागे ४ चौरस मीटर दिले तरी ३९ कोंबड्या. परसात २५ मीटरची पुरते, तिच्यात याच मापाने नऊ कोंबड्या. पण गवत वाढून खालच्या तारांना टेकलं की झटका उतरतो. म्हणून लावायच्या रेषेत आधी गवत जमिनीसरशी कापा आणि सगळ्यात लांबच्या टोकाला मापक लावून ३,००० व्होल्टच्या वर येतंय का ते आठवड्याला बघा. कोरड्या, रेताड मातीत अर्थिंगची सळई खोल ठोकून तिच्याशी पाणी घालावं लागतं. घार-ससाण्यापासून ही जाळी वाचवत नाही, पिल्लं तिच्यातून आरपार जातात आणि हलक्या जातीची कोंबडी चार फुटांवरून सहज उडते; तिच्या एकाच पंखाची लांब पिसं कापली की तोल जातो आणि उडी चुकते. साप, बेडूक खालच्या तारांत अडकून मरतात, हा या जाळीचा खरा दोष आहे. लहान मुलं खेळत असतील त्या परसात ती लावूच नये.

लाकडी खुराडा आधीच घेऊन ठेवला असेल तर तो टाकून द्यायचं कारण नाही. त्याचं आवार मोजायचं नाही, त्याला फक्त शयनगृह समजायचं. दांडीवर कोंबडीमागे आठ-दहा इंच येतात का बघा. बहुतेक खुराड्यांत दांडी अडीच फुटांची एकच असते, म्हणजे तीन कोंबड्या. घराच्या पुढे-मागे दोन दांड्या फूटभर अंतरावर समान उंचीला बसवल्या तर सहा बसतात. आतल्या हवेसाठी वरच्या बाजूला झरोके मात्र उघडे हवेत. छपरावरचा डांबरी कागद काढून पत्रा घाला, कारण त्या कागदाखाली लाल माइट नावाच्या बारीक किड्यांना लपायला आयती जागा मिळते. हे किडे रात्री बाहेर येऊन कोंबड्यांचं रक्त पितात आणि दिवसा दिसत नाहीत. पाय विटांवर घ्या, लाकडाची कापलेली टोकं ओलीला लागली की तिथून कुजायला सुरुवात होते. जाळी आतून पिनांनी ठोकलेली असते, बाहेरून जोर लागला की पिना उपटतात. चार-पाच इंचांवर स्क्रू आणि वॉशर लावा.

मग हा खुराडा पाइपच्या आवाराला जोडा. संपूर्ण आत ठेवला तर सोळा चौरस फूट खातो, म्हणून बाहेर ठेवून त्याच्या जाळीतून आवारात बारा बाय चौदा इंचांचं दार काढलेलं बरं. दोन्हींच्या मधे राहणारी उभी फट वेल्डमेशच्या पट्टीने दोन्ही बाजूंना स्क्रू-वॉशर मारून बंद करा. लाकूड पावसात फुगतं आणि उन्हात आटतं, पाइप मात्र आपल्या जागी असतो. त्यामुळे ही फट दर मोसमाला पुन्हा बघावी लागते, विशेषतः जमिनीपासून पहिल्या सहा इंचांत.